आपल्याला कुठं इथं राहायचंय!

११ नोव्हेंबर २०२३, शनिवार. दुसऱ्या दिवशी नरकचतुर्दशी आणि लक्ष्मीपूजन एकत्र आलेलं. जर्मनीतल्या बॉन शहरात लेकीकडे मी खास दिवाळीसाठी गेलो होतो. पुण्याहून नेलेली उटण्याची पुडी न्हाणीघरात ठेवून झाली होती, चकलीची भाजणी भिजवायची राहिली होती आणि दुपारी साडेचारलाच बाहेर तिन्हीसांजा झाल्या होत्या. लेक म्हणाली, "बाबा, कोट चढवा, मफलर घ्या. चकल्या रात्री तळू. आता मिरवणुकीला जायचंय."

"आज? कसली मिरवणूक?"

"मार्टिनची. नातीनं कंदील केलाय ना, तो मिरवायला नको?"

सात वर्षांची नात दारातच उभी होती. हातात काठी, काठीच्या टोकाला शाळेत बनवलेला घुबडाच्या आकाराचा कागदी कंदील आणि आत बॅटरीवरचा इवलासा दिवा. पूर्वी म्हणे त्यात मेणबत्ती असे, आणि त्याहीपूर्वी बीटाच्या जातीचा मोठा कंद कोरून त्याचा कंदील करत.

चौकात पोहोचलो तर शे-दोनशे कंदील जमलेले. पुढे घोड्यावर लाल झगा पांघरलेला, रोमन शिरस्त्राण घातलेला स्वार, मागे पितळी वाद्यांचा ताफा आणि त्यामागे आईबापांचे हात धरून गाणारी मुलं. मिरवणूक एका मोकळ्या मैदानात थांबली. तिथं होळी पेटवलेली. होय, होळीच! फरक इतकाच की बाजूला अग्निशमन दलाची गाडी शिस्तीत उभी होती. होळीच्या उजेडात त्या स्वारानं आपला झगा तलवारीनं कापला आणि अर्धा भाग थंडीत कुडकुडणाऱ्या भिकाऱ्याच्या अंगावर घातला. मग प्रत्येक मुलाला गोडसर पावाचा एक माणूस मिळाला. 'वेकमन' म्हणतात त्याला. मनुकांचे डोळे आणि तोंडात चिनीमातीची चिलीम! नातीनं तो मोडला, अर्धा माझ्या हातावर ठेवला आणि म्हणाली, "आजोबा, आज अर्धा द्यायचाच असतो."

हा मार्टिन चौथ्या शतकातला रोमन सैनिक. आजच्या हंगेरीत जन्मलेला. आमियाँ शहराच्या वेशीवर त्यानं एका उघड्या भिकाऱ्याला आपला अर्धा झगा दिला अशी कथा आहे. पुढे तो फ्रान्समधल्या तूर इथं बिशप झाला. ३९७ साली त्याचं दफन झालं, तो दिवस ११ नोव्हेंबरचा. पण या तिथीमागे संताइतकाच शेतकरीही उभा आहे. सुगी संपलेली, खंड चुकता करायचा, गडी बदलायचे, असा हा दिवस. शिवाय पूर्वी इथपासून नाताळापर्यंत उपास असत, म्हणून आदल्या रात्री बदकाच्या जातीचा हंस भाजून यथेच्छ खाऊन घ्यायचा. श्रावण लागण्याच्या आदल्या अमावास्येला आपल्याकडे काही मंडळी जे करतात तेच. माणूस सगळीकडे सारखाच, हे तत्त्वज्ञानाच्या पुस्तकापेक्षा अशा वेळी जास्त पटतं.

रात्री चकल्या तळल्या. गॅलरीत आकाशकंदिलाशेजारी नातीनं घुबड टांगलं. पहाटे अभ्यंगस्नान झालं तेव्हा बाहेर काळोख होता आणि दोन्ही दिवे लागलेले होते. मी फोटो काढला आणि इथल्या मित्रांना पाठवला.

तासाभरात एका जुन्या स्नेह्यांचा फोन. आम्ही दोघं एकाच बँकेत एकाच वर्षी लागलेले. "अहो, फोटो छान आहे. पण नात ख्रिस्ती संतांची गाणी म्हणत हिंडते, हे तुम्हाला चालतं? दोन पिढ्यांत काही शिल्लक राहायचं नाही, लिहून ठेवा."

मी काहीतरी गुळमुळीत बोलून फोन ठेवला. पण प्रश्न खोटा नव्हता. परदेशात राहणाऱ्या आपल्या माणसांनी तिथल्या डोंगर-देवळांकडे, सणवारांकडे कसं पाहावं? सहलीला आल्यासारखं फोटो काढून यावं, की त्यात उतरावं? आणि उतरलं तर आपलं काय उरतं? त्याचं उत्तर शोधताना मला बॉनहून थेट तंजावरला जावं लागलं, कारण हिशेबातली माझी स्वतःची चूक तिथं होती.

१९८९ ते १९९२ अशी तीन वर्षं माझी बदली तंजावरच्या शाखेत होती. लेक तेव्हा पाच वर्षांची. मराठी माणसाला दक्षिणेत परकं वाटू नये असं एखादं गाव असेल तर ते तंजावर. व्यंकोजीराजांपासून १८५५ पर्यंत तिथं भोसल्यांचं राज्य होतं. सरफोजीराजांनी वाढवलेलं सरस्वती महाल ग्रंथालय आजही आहे. राजराज चोळानं १०१० साली पुरं केलेल्या बृहदीश्वराच्या मंदिराच्या भिंतीवर १८०३ साली भोसले घराण्याचा इतिहास कोरलेला आहे, आणि तो चक्क मराठीत. हा शिलालेख मी कधी पाहिला माहीत आहे? बदलीचा हुकूम हातात पडल्यावर, सामान बांधून झाल्यावर, शेवटच्या आठवड्यात. तोही पुण्याहून आलेल्या पाहुण्यांना दाखवायला म्हणून.

तीन वर्षं माझं एकच पालुपद होतं, "आपल्याला कुठं इथं राहायचंय!" तमिळ शिकायला नको, कारण राहायचं नाही. पोंगलला शेजाऱ्यांकडे जायला नको, कारण आपल्याकडे संक्रांत आहे. दर सहा महिन्यांनी मी परत येण्यासाठी अर्ज करी आणि संध्याकाळी घरी आलो की पत्रपेटी पाही.

पत्नीचं तसं नव्हतं. मार्गळी महिन्यात, म्हणजे आपल्या धनुर्मासात, तिथल्या बायका पहाटे दारात सडा घालून तांदळाच्या पिठाची कोलम काढतात. मधोमध शेणाचा गोळा ठेवून त्यात भोपळ्याचं पिवळंधमक फूल खोचतात. आमच्या शेजारच्या मामींनी पहिल्याच वर्षी हिला हाक मारली. मी नेहमीप्रमाणे म्हणालो, "कशाला उगाच? आपल्याला कुठं..." ती काही बोलली नाही. मी बँकेत गेल्यावर ती लेकीला घेऊन मामींच्या ओसरीवर जाऊन बसे. भाषा येत नव्हती, पण ठिपके मोजायला भाषा कशाला लागते? आपलीही ठिपक्यांची रांगोळी आहेच. आपण ठिपके जोडतो, त्या ठिपक्यांना वळसे घालत जातात, एवढंच. वर्षभरात तिची बोटं मामींसारखी चालू लागली आणि पोरीला तमिळ बोलता येऊ लागलं. हे सगळं मला कळलं ते तिथून निघताना, मामी आणि ती दोघी गळ्यात पडून रडल्या तेव्हा.

पुण्यात आल्यावर ती मला एकदा म्हणाली, "तीन वर्षं तंजावरात आम्ही दोघी राहिलो. तुम्ही फक्त बदलीच्या अर्जात राहिलात." तिला जाऊन आता सहा वर्षं झाली. हे वाक्य मात्र घरातून गेलेलं नाही.

बॉनमध्ये लेकीचा संसार पाहताना मला कळलं, की ती कोणाची शिकवण गिरवते आहे. तिच्या स्वयंपाकघरात दोन कॅलेंडरं आहेत. एक आपलं कालनिर्णय, दुसरं तिथल्या शाळेचं. कालनिर्णयातला संकष्टीचा चंद्रोदय मुंबईचा, बॉनचा चंद्र त्याला बांधील नाही, म्हणून जावई दर महिन्याला तिथली वेळ शोधून पेनानं लिहून ठेवतो. दुसऱ्या कॅलेंडरवर लेकीच्या अक्षरात तिथल्या ऋतूंच्या खुणा असतात.

दोन खेपांत मिळून पाचेक महिने मी तिथं राहिलो. पहिली खेप हिवाळ्यात झाली, दुसरी २०२५च्या वसंतात. त्या खुणांमागून हिंडत राहिलो. ६ जानेवारीला तीन राजांच्या वेशातली मुलं दारी आली. बाळ येशूला भेटायला पूर्वेकडून आलेले ते हे तीन राजे. त्यांचे म्हणून मानले जाणारे अवशेष ११६४ साली कोलोनला आणले गेले आणि तिथल्या महामंदिरात ते सोन्याच्या पेटीत आहेत. मुलांनी गाणं म्हटलं, गरजू मुलांसाठी डब्यात पैसे घेतले आणि दाराच्या चौकटीवर खडूनं त्या सालाचा आकडा आणि घराला आशीर्वाद देणारी तीन अक्षरं लिहिली. वर आपलं तोरण होतंच. लेकीनं त्यांच्या हातावर बेसनाचे लाडू ठेवले. त्यातला एक राजा दुसरा लाडू मागायला जिना चढून परत आला.

एप्रिलमध्ये जुन्या बॉनच्या गल्ल्यांवर चेरीच्या गुलाबी फुलांचं छत धरलं जातं. ३० एप्रिलच्या रात्री गावातली तरुण पोरं भूर्जाची झाडं आणतात, त्यांना रंगीत कागदी पट्ट्या बांधतात आणि आपल्या आवडत्या मुलीच्या दारात उभी करतात. ते झाड महिनाभर तिथंच राहतं. म्हणजे कोणाचं कोणावर मन आहे हे सगळ्या आळीला कळतं! लीप वर्षात हा अधिकार मुलींकडे जातो. मला आपली गुढी आठवली आणि आपल्या आळीत असं झाड उभं राहिलं असतं तर पुढे काय झालं असतं, तेही डोळ्यांपुढे आलं.

वसंतात तिथं पांढऱ्या ॲस्परॅगसचं वेड लागतं. आपल्या शतावरीच्या कुळातली ही भाजी. कोंबांवर मातीचे उंच वरंबे चढवतात, ऊन लागू देत नाहीत, म्हणून ती पांढरी राहते. २४ जूनला संत जॉनच्या दिवशी काढणी थांबवायची असा रिवाज आहे. का, तर मुळांना पुढच्या वर्षासाठी विश्रांती मिळावी. हे ऐकलं आणि आमच्या कोकणातले कोळी डोळ्यांपुढे आले. पावसाळ्यात होड्या ओढून ठेवायच्या आणि नारळी पौर्णिमेला नारळ वाहून मगच समुद्रात जायचं. मासळीला पिलं वाढवायला उसंत द्यायची. एकीकडे संत, दुसरीकडे सागरदेव; शहाणपण मात्र एकच. आता खाल तर पुढे खाल नाही.

कोलोनच्या महामंदिराचा मनोरा चढायला ५३३ पायऱ्या आहेत. नात जर्मनमध्ये मोजत होती, मी मराठीत, आणि दोघं मध्येच थबकलो. इंग्रजी माणूस आधी पन्नास म्हणतो, मग तीन. जर्मन आणि मराठी आधी तीन म्हणतात, मग पन्नास. आपलं 'त्रेपन्न' आणि त्यांचं 'ड्राय-उंट-फ्युन्फत्सिश' एकाच चालीचं निघालं! इंग्रजी शाळेतल्या आपल्या पोरांना जो आकडा अडतो तो हिला अजिबात अडला नाही. वाटेतल्या २४ टनांच्या घंटेपाशी माझे गुडघे संपावर गेले, म्हणून मी तिथंच बसलो. १२४८ साली सुरू झालेलं हे मंदिर १८८० साली पुरं झालं, मधली जवळजवळ तीनशे वर्षं काम बंदच होतं, हे मला तिथं टेकायला पुरेसं कारण वाटलं. आणि ज्या बॉनच्या विद्यापीठात १८१८ साली जर्मनीतलं भारतविद्येचं पहिलं अध्यासन श्लेगेल या पंडितासाठी निघालं, तिथून १८२३ साली भगवद्गीता लॅटिन भाषांतरासह छापली गेली. आपल्याला ज्यांच्या कंदिलाची भीती वाटते, त्यांनी आपली गीता दोनशे वर्षांपूर्वी उघडून पाहिली होती.

याचा अर्थ सगळं गोडच आहे असा नाही. जे हरवतं ते खरोखरच हरवतं. नातीला श्रावण कळत नाही. ज्या गावात बाराही महिने भुरभुर पाऊस पडतो, तिथं श्रावणाचं कौतुक कसं सांगणार? वटपौर्णिमेला वड कागदावर काढावा लागतो. कोजागिरीला दूध आटवायचं आणि ढगांकडे पाहत प्यायचं. आपले सण हे मुळात आपल्या मातीचं, पावसाचं, पिकांचं वेळापत्रक आहे. थंडीत तीळ-गूळ, चैत्रात कडुनिंब, पावसाळ्याच्या शेवटी घरादाराची झाडझूड. दुर्गाबाई भागवतांचं 'ऋतुचक्र' वाचलेल्यांना हे नव्यानं सांगायला नको. ही माती विमानातून नेता येत नाही, नेता येते ती पुडी. आणि नात माझ्याशी मराठीत बोलते खरी, पण रागावली की जर्मनमध्ये रागावते. राग ज्या भाषेत येतो ती आपली भाषा, हे माझ्यातल्या कादंबरीकाराला चांगलं ठाऊक आहे. मला त्याचं दुःख झालं, ते मी लपवत नाही.

म्हणूनच तिथल्या मराठी मंडळाला मी नावं ठेवणार नाही. शनिवार-रविवार पाहून हॉल भाड्यानं घ्यायचा, गणपती बसवायचा, शंभर माणसांचा स्वयंपाक नोकऱ्या सांभाळून करायचा, हे सोपं नाही. आरतीला नातीचा आवाज ऐकला तेव्हा माझेही डोळे भरले. पण तिथंच अशी काही कुटुंबं भेटली, की दहा-बारा वर्षांच्या मुक्कामात त्यांना भारतीय किराणा दुकान, ऑफिस आणि विमानतळ यांपलीकडचं गाव माहीत नव्हतं. त्यांची अडचणही खोटी नव्हती. नोकरीचा करार दोन वर्षांचा, व्हिसा त्यावर टांगलेला, मनात कायम परतीचं तिकीट. शेजारपाजारचा थंडपणाही असतोच. मी त्यांना लगेच ओळखलं. माझा बदलीचा अर्ज त्यांच्या खिशात होता.

आता त्या स्नेह्यांच्या प्रश्नाकडे येतो. आयुष्य खातेवह्यांत गेलेला मी माणूस आहे. त्यामुळे एकाच व्यवहाराच्या दोन वह्यांत दोन उलट नोंदी दिसल्या की मला स्वस्थ बसवत नाही. पुण्या-मुंबईत बाहेरून आलेल्या माणसाकडून आपण काय अपेक्षा करतो? त्यानं मराठी शिकावी, इथले सण आपले मानावेत, इथलं व्हावं. अपेक्षा रास्त आहे. पण आपलाच मुलगा किंवा मुलगी बॉनला, बोस्टनला गेली, की आपण नेमकं उलटं सांगतो. तिथल्या वाऱ्यालाही उभं राहू नकोस, आपलं जप. इथं जमा लिहायचं तेच तिथं नावे लिहायचं, ही वही कुठल्याही तपासनिसासमोर टिकणार नाही.

तंजावरच्या मराठ्यांनी ही वही जुळवली होती. तिथल्या भोसले राजांनी मराठीत लिहिलं आणि तेलुगूतही लिहिलं. आपलं कीर्तन तिथं गेलं आणि हरिकथेत मिसळून तिथलंच झालं. आपला वंशवृत्तांत लिहायला त्यांनी चोळांच्या मंदिराची भिंत निवडली. परक्या भिंतीवर आपलं नाव कोरायचं तर आधी त्या देवळात पाऊल टाकावं लागतं.

आणि हिशेबाला दुसरीही बाजू आहे. आलेल्यानं पाहावं हे खरं, पण असलेल्यानं दार उघडावं लागतं. तंजावरात मामींनी हाक मारली म्हणून पत्नी ओसरीवर गेली. बॉनमध्ये लेकीच्या पहिल्या नोव्हेंबरात शेजारच्या वृद्ध बाईंनी घंटी वाजवून आपल्या नातवाच्या जुन्या कंदिलाची काठी आणून दिली, म्हणून ती मिरवणुकीला गेली. मग मी स्वतःला विचारलं, पुण्यात माझ्या दारावरून कोणाला हाक गेली आहे?

आमच्याच जिन्यात पहिल्या मजल्यावर मदुराईचं एक कुटुंब चार वर्षं राहतं. त्यांच्या गाडीचा नंबर मला पाठ होता, कारण ती माझ्या जागेत लागते. नाव माहीत नव्हतं. २०२५च्या संक्रांतीला मी तिळगुळाची वाटी घेऊन त्यांची बेल वाजवली. त्यांच्याकडे तेव्हा पोंगलचं भांडं गॅसवर चढलेलं. गळ्यात हळदीचं ओलं रोप बांधलेलं भांडं. दूध उतू गेलं की सगळ्यांनी मिळून आरोळी द्यायची असते. त्या बाई म्हणाल्या, "काका, दोन मिनिटं थांबा, आता वर येईलच." त्या मराठीत म्हणाल्या, आणि चांगल्या मराठीत. मी थांबलो. छत्तीस वर्षांपूर्वीच्या एका आमंत्रणाला जायचं राहिलं होतं, ते असं उशिरा गेलो.

दूध उतू गेलं तेव्हा आरोळी मात्र मला वेळेवर देता आली नाही. पुढच्या वर्षी येईल.